पैसे कुणाचे, प्रश्न कुणाचा?

‘पूर्ण खर्च देणारी पीएचडीची जागा कुठे मिळेल?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते. तुम्ही विचारलंत म्हणून आधी तुम्हालाच एक विचारते: संशोधनाचा प्रश्न तुमचा स्वतःचा आहे, की दुसऱ्याने मांडलेल्या प्रश्नावर काम करायला आवडेल? दोन्हींत कमीपणा काहीच नाही. पण पैसा त्यानुसार वेगळ्या वाटेने येतो.

विज्ञानात तो बहुतेकदा प्रकल्पाला मिळालेला असतो. प्राध्यापकांनी अनुदान आणलेलं असतं, त्यात पीएचडीची एखादी जागा धरलेली असते आणि तिची रीतसर जाहिरात निघते. नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे तर ती सहसा नोकरीच असते, करार आणि पगारासकट. विषय आधीच ठरलेला असतो. अशा ठिकाणी भलत्याच विषयाचा आराखडा पाठवू नका; त्यांच्या प्रश्नाला तुमच्या हातातलं कोणतं कौशल्य उपयोगी पडेल, ते लिहा.

समाजविज्ञानात अशा जागा असतात, पण बऱ्याचदा आराखडा तुम्हालाच मांडावा लागतो आणि त्याच्या बळावर फेलोशिप मिळवावी लागते. अमेरिकेत बरेच विभाग प्रवेशासोबतच काही वर्षांच्या खर्चाची हमी देतात आणि बदल्यात शिकवण्याचं किंवा संशोधन-साहाय्याचं काम असतं.

युरोपियन युनियनच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पीएचडीच्या जागा देणाऱ्या योजनेत सगळ्याच शाखांना वाव आहे. तिथला एक नियम मात्र अनेकांना उशिरा कळतो. ज्या देशातल्या संस्थेत जागा आहे, त्या देशात नेमणुकीआधीच्या ३६ महिन्यांत तुमचं राहणं किंवा मुख्य काम १२ महिन्यांपेक्षा जास्त झालेलं नसावं. म्हणजे जर्मनीत नुकतंच दोन वर्षांचं मास्टर्स केलेल्याला त्या योजनेतली जर्मनीतली जागा बंद, पण फ्रान्समधली खुली.

आता जे मला सर्वांत कळकळीने सांगायचंय ते. माझी फेलोशिप तीन वर्षांची होती. स्टायपेंड थांबला तेव्हा मुलाखतींचं शब्दांकन अर्ध्यावर होतं आणि प्रबंधाचं एकच प्रकरण उभं राहिलं होतं. ‘मुदतवाढ मिळतेच’ असं मला तोंडी सांगितलं गेलं होतं. पत्रात तसा शब्द नव्हता. पुढचं दीड वर्ष मी दिवसा नोकरी आणि रात्री लेखन असं काढलं. प्रबंध पूर्ण झाला, पण त्यात जे क्षेत्रकार्य हवं होतं त्यातलं बरंच राहून गेलं, आणि ते मला आजही बोचतं.

म्हणून ‘फुल्ली फंडेड’ या शब्दांवर थांबू नका. फी माफ आहे की स्टायपेंडमधून भरायची? पैसे किती महिन्यांचे, आणि त्या विभागात प्रबंध सादर व्हायला प्रत्यक्षात किती लागतात? क्षेत्रकार्याचा, प्रवासाचा खर्च वेगळा मिळतो का? गाइड दुसरीकडे गेले तर पैसा तुमच्यासोबत राहतो की त्यांच्यासोबत जातो? हा शेवटचा प्रश्न प्रयोगशाळेतल्या मुलांनी तर विचारायलाच हवा. उत्तरं ईमेलवर घ्या, आणि तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाइड समोर नसताना बोला.

घाईने होकारही देऊ नका. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्याच्या ऑफरला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. तेवढ्या दिवसांत पत्र पुन्हा वाचता येतं. हवं तर मला पाठवा, आपण मिळून वाचू.