तेलाचा एक थेंब

घरातली एखादी वस्तू कुरकुरली रे कुरकुरली की कुणीतरी तेलाची बाटली शोधायला उठतं. दार असो, शिवणयंत्र असो, सायकल असो की कुलूप, सगळ्यांना औषध एकच, आणि मात्रा बाटलीतून पडेल तेवढी. करकर थांबते, त्यामुळे औषध लागू पडलं अशी खात्री होते. दोन-तीन महिन्यांनी तीच वस्तू पहिल्यापेक्षा जड चालायला लागते, तेव्हा मात्र दोष तिच्या वयाला दिला जातो. तेलावर कुणी संशय घेत नाही.

घ्यायला हवा. तेल म्हणून आपण ज्याला ओळखतो त्यात दोन अगदी निराळे स्वभाव आहेत. खनिज तेल हवेत ठेवलं तरी वर्षानुवर्षं बहुतेक तेलच राहतं. बियांपासून काढलेली बरीचशी तेलं तशी राहत नाहीत. त्यांच्या रेणूंमधल्या दुहेरी बंधांवर हवेतला ऑक्सिजन काम करतो, रेणू एकमेकांत गुंतत जातात आणि तेल आधी दाट, मग चिकट आणि शेवटी कडक होतं. जवसाचं तेल यात सगळ्यात पुढे. सूर्यफूल आणि सोयाबीन त्याच्या मागून, जरा सावकाश. खोबरेल या भानगडीत फारसं पडत नाही, पण 24 अंश सेल्सियसच्या खाली ते थिजतं, म्हणजे थंडीत यंत्र अडकलंच. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर नखाने खरवडूनही न निघणारा पिवळा थर असतो ना, तो याच घट्ट झालेल्या तेलाचा. साबणाला तो दाद देत नाही, कारण आता ते तेल नसतंच, जवळजवळ वॉर्निश झालेलं असतं.

शिवणयंत्रात स्वयंपाकाचं तेल घातलं की आत हेच होतं. शटल फिरतं त्या खाचेत तेलाचा पिवळट गोंद, त्यात कापडाचा भुसा, आणि त्यावर पुन्हा ताजं तेल. टाका सुटतो, खालचा दोरा गुंततो, आणि माणूस उगाच वरचा ताण आवळत बसतो. खरं काम दहा मिनिटांचं आहे. प्लग काढावा. सुई आणि दाबपट्टी काढून ठेवावी, सुईखालच्या पट्टीचे स्क्रू सोडवावेत, बॉबिन आणि बॉबिन केस बाहेर घ्यावी. कापड पुढे सरकवणारे दाते उघडे पडले की त्यांच्या फटीत नमद्यासारखा दाबून बसलेला भुसा दिसतो. तो बारीक ब्रशने किंवा चिमट्याने ओढून काढायचा. फुंकर मारायची नाही आणि दाबलेल्या हवेचा डबाही वापरायचा नाही. भुसा आणखी आत जातो, आणि फुंकरीबरोबर ओलावाही. मग शिवणयंत्राच्या पांढऱ्या, पातळ खनिज तेलाचा एक थेंब शटलच्या खाचेत टाकावा आणि हातचाक आपल्याकडे तीन-चार वेळा फिरवावं. लगेच चांगल्या कापडावर शिवायला बसू नये. आधी चिंधीवर दोन-चार ओळी शिवल्या की उरलेलं तेल तीच शोषून घेते. आधीचा गोंद फार असेल तर रॉकेलचे थेंब टाकून काही तास मुरू द्यावेत, पुसून काढावेत आणि नंतरच तेल द्यावं. एक सावधगिरी: काही नव्या यंत्रांत शटलचा भाग प्लॅस्टिकचा असतो आणि त्याला तेल नको असतं. हे यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, आणि ती पुस्तिका कुणी वाचलेली नसते.

आता गंमत पाहा. शिवणयंत्रात जो अवगुण, तोच बिडाच्या तव्यावर गुण. तव्याचा काळा, तुळतुळीत थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेलच. तो बसवताना बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: तेल जास्त होतं. तवा धुऊन मंद आचेवर पूर्ण कोरडा करायचा, अर्धा चमचा तेल आतून-बाहेरून, मुठीलासुद्धा चोळायचं, आणि मग कोरड्या फडक्याने ते असं पुसून काढायचं की जणू चुकूनच लागलं होतं. तवा कोरडा दिसला पाहिजे. मग ओव्हनमध्ये पालथा ठेवून 230 ते 250 अंशांवर तासभर, आणि आतच गार होऊ द्यायचा. असे तीन-चार हात बसले की थर धरतो. पुसण्यात कंजूषी झाली तर तेलाचे थेंब जमून चिकट ठिपके उठतात. ते पुन्हा तापवून वाळवायचे किंवा घासून काढायचे. जवसाच्या तेलाचं मध्यंतरी फार कौतुक झालं. थर कडक बसतो खरा, पण पापुद्रे सुटतात. साधं सूर्यफूल बरं. आणि साबण चालतो. साबणाची धास्ती कॉस्टिक सोड्याच्या काळातली आहे. हल्लीचा भांड्यांचा द्रव साबण बसलेल्या थराला काही करत नाही. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवणं मात्र नक्की नडतं.

क्रिकेटच्या विलो बॅटलाही असंच सुकणारं तेल लागतं, कच्चं जवस तेल. ‘उकळलेलं’ म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते नको. एका हाताला चहाचा एक चमचा भरपूर होतो. बॅटचा दर्शनी भाग, कडा, तळ आणि पाठ यांवर फडक्याने पातळ फिरवायचं. मूठ जिथे पात्यात बसवलेली असते त्या सांध्यापासून तेल लांब ठेवायचं, कारण तिथला डिंक सैल पडतो. बॅट रात्रभर आडवी ठेवायची. भिंतीला उभी टेकवली तर तेल सगळं तळाशी उतरतं. जास्त प्रेम केलं तर लाकूड जड आणि मऊ पडतं आणि चेंडूला उसळी राहत नाही. पुढच्या बाजूला पारदर्शक संरक्षक पट्टी असेल तर तिथे तेल लावून उपयोग नाही, पट्टीच निसटेल.

सायकलच्या चेनवर तर तेलाची आंघोळच चालते. बाहेरून चमकणारी, काळी, ओली चेन पाहून मालकाला समाधान वाटतं. प्रत्यक्षात ते तेल धूळ धरतं आणि धूळ-तेलाचं ते मिश्रण दातेरी चकत्यांना पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. झीज होते ती आत, पिन आणि रोलरच्या मधे, आणि तेल हवं असतं तिथेच. म्हणून चेन आधी फडक्याने पुसून कोरडी करायची, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब. चेनमध्ये साधारण 110 ते 116 कड्या असतात, म्हणजे थेंबही तेवढेच. कंटाळवाणं काम आहे, पण पाच मिनिटांत होतं. पेडल उलटं फिरवायचं, शक्यतो रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. चेनवर बोट फिरवलं आणि ते काळं झालं, तर पुसणं बाकी आहे. ‘चेन ताणली’ म्हणतात तेव्हा पोलाद ताणलेलं नसतं, पिना झिजलेल्या असतात. ते मोजायला साधी पट्टी पुरते: 24 कड्या म्हणजे पिनेपासून पिनेपर्यंत 12 इंच. तिथे 1/16 इंच वाढलं की चेन बदलावी. 1/8 इंचापर्यंत वाट पाहिली तर बहुधा मागच्या चकत्याही बदलाव्या लागतात.

इथे डब्ल्यूडी-40 या डब्यातल्या फवाऱ्याचा विषय निघतोच. 1953 साली हे द्रव्य पाणी हुसकावण्यासाठी तयार झालं. नावातलं 40 म्हणजे चाळिसावा प्रयोग. गंजलेला बोल्ट सोडवायला, भिजलेला भाग कोरडा करायला उत्तम. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो आणि मागे राहतो तो पातळसा थर. चेनचं तेवढ्यावर भागत नाही.

कुलपाच्या भोकात तेल ओतू नये. आतल्या बारीक पिनांवर धूळ बसते. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर पुरते. तेलानंतर ग्रॅफाइट घातलं तर मात्र दोहोंची राखाडी लापशी होते: तेलही गेलं, तूपही गेलं. नैसर्गिक रबराला खनिज तेल लावलं की ते फुगतं, तिथे सिलिकॉन ग्रीस. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये तेल शिरलंच, तर आत येणारा प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या छिद्राची पाती एकमेकांना चिकटतात, आणि तो उपचार घरचा नव्हे.

राहता राहिल्या चिंध्या. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकू नये. तेल सुकताना उष्णता सोडतं, घडीत ती बाहेर पडायला वाट नसते, आणि फडकं कुणी काडी न लावता पेटू शकतं. असं फडकं उघड्यावर एकेरी पसरून, कडक होईपर्यंत वाळवायचं, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावायचं. शिवणयंत्राच्या किंवा चेनच्या खनिज तेलाचं फडकं असं आपोआप तापत नाही, तरी ते शेगडीपासून लांबच बरं.