कळतं सगळं

“मॅडमना पाणी आण गं,” आई म्हणाली. पोरगी उठली, पेला भरला, खाली ताटलीही घेतली. माझ्या हातात देताना एकच शब्द: “घे.”

“हिला सगळं कळतं हो. पण तपासणीत मोजतात ते बोलणंच,” आई म्हणाली. दिवसभर तेच डोक्यात आहे.

डाऊन सिंड्रोम या जन्मजात स्थितीत 21वं गुणसूत्र जास्तीचं असतं आणि बऱ्याचदा समज पुढे, बोलणं मागे राहतं. त्यात अनेकांना ऐकूही कमी येतं. ते आधी तपासायलाच हवं! विल्यम्स सिंड्रोम या दुसऱ्या जन्मजात स्थितीत 7व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसतो. ही मुलं पुढे गप्पिष्ट होतात, पण बोट दाखवणं अनेकदा शब्दांनंतर येतं.

प्रत्येकाची वाट इतकी वेगळी, मग सगळ्यांना मोजायला एकच तक्ता कसा चालेल?