संत्र्याचा आठवडा

शाळेच्या सुवर्ण महोत्सवाची पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली तेव्हा मी लॅबमध्ये होतो, सकाळची गर्दी, तरी दोनदा वाचली. स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असं खाली लिहिलं होतं. काय लिहू याचा विचारच करावा लागला नाही. चौथी ब आणि बाई. आडनाव लिहायची गरज नाही, आपल्या शाळेत नुसतं बाई म्हटलं की त्याच.

१९८८-८९ चं वर्ष. हिवाळ्याचे दिवस, अंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या सुमारास फुलणाऱ्या बहाराची संत्री बाजारात आलेली. सोमवारी बाई वर्गात आल्या त्या पिशव्या घेऊनच, आणि मागून शिपाईकाका कुठल्या तरी किराणा दुकानातून तराजू आणि वजनं मागून घेऊन आले. वर्गात आम्ही ४२ पोट्टे-पोट्ट्या, म्हणून बाईंनी बरोबर साडेतीन डझन संत्री आणलेली, बर्डीवरून, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारातून, स्वतःच्या पैशानं. म्हणाल्या, हा आठवडा पुस्तकं दप्तरातच राहू द्या, आता हेच आपलं पुस्तक. पण खायचं नाही, शनिवारपर्यंत कोणीच खायचं नाही!

सोमवारी नुसती वजनं झाली. सालीसकट किती भरलं ते वहीत लिहायचं, मग आळीपाळीनं एकमेकांच्या वजनांची वजाबाकी. माझं १५० ग्रॅम भरलं होतं हे अजून आठवतं.

मंगळवारी सोलायचं होतं. आपल्या नागपुरी संत्र्याची साल सैल असते, देठाजवळ अंगठा घातला की सुटतेच, त्यामुळे सगळ्या वर्गात एकदमच तो वास पसरला. फोडी मोजायच्या आणि आकडा सांगायचा, बाई फळ्यावर लिहीत होत्या. दहा, अकरा, दहा, बारा, अकरा. माझ्या शेजारच्याला दहा. मी मोजल्या तर नऊ. पुन्हा मोजल्या, नऊच. मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, सगळ्यांना दहाच्या वर आणि आपल्यालाच नऊ कसे येतील, म्हणून माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून 'दहा' म्हणून मोकळा झालो.

बाईंनी दहा लिहिलं. मग खडू ठेवला आणि सरळ माझ्या बाकाशी आल्या. रागावल्या नाहीत. वाकून माझ्या फोडी एकेक वेगळी करून वहीच्या पानावर ओळीनं मांडल्या, वरचे पांढरे धागे बाजूला काढले, एका मोठ्या फोडीला दुसरी बारीकशी चिकटलेली आहे का तेही उजेडाकडे धरून बघितलं. नव्हती. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "नऊ आहेत तर नऊच लिही रे बाळा. प्रश्न आपण संत्र्याला विचारला ना, मग उत्तर त्याचं." फळ्याशी परत गेल्या, दहा पुसून नऊ केलं आणि वर्गाला सांगितलं, नऊचं एक सापडलं, बरं झालं, नाहीतर आपल्याला कळलंच नसतं की नऊचं पण असतं. सगळे माझ्या संत्र्याकडे बघायला आले. नऊचं १, दहाची १९, अकराची १६, बाराची ६. तो तक्ता मग कार्डशीटवर काढून मागच्या भिंतीवर लावला होता, वर्ष संपेपर्यंत होता.

बुधवारी निबंध, गोड आणि आंबट हे दोन शब्द न वापरता चव लिहा. मला जमला नाही, पण कोणीतरी 'दातांना थंडी वाजते' असं लिहिलं होतं ते बाईंनी तीनदा वाचून दाखवलं.

गुरुवारी व्हरांड्यात खडूनं संत्र्याच्या गावांचा मोठा नकाशा, काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर, तिकडे वरूड-मोर्शी. वर्गातल्या एकाचे मामा काटोलकडून बाईंच्या निरोपावर खास आले होते. जंबेरीच्या, म्हणजे लिंबाच्या एका जातीच्या रोपावर संत्र्याचा डोळा कसा बांधतात ते त्यांनी चाकूनं साल कापून दाखवलं, आणि बहारासाठी झाडाचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो हे सांगितलं. झाडाला तहानलेलं ठेवायचं हे ऐकून आम्ही पोरं फार हळहळलो. शुक्रवारी बादली. आमची तर मंगळवारीच सोललेली, म्हणून त्यासाठी नवीन आणलेलं संत्रं सालीसकट तरंगलं आणि सोलल्यावर बुडालं! सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात हवा असते म्हणून. शनिवारी सकाळची शाळा, फोडी वाटून खाल्ल्या, सुकलेल्या होत्या तरी.

आज मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डेंग्यूच्या दिवसांत रोज कितीतरी प्लेटलेट काउंट हातातून जातात, आणि मशीननं न पटणारा आकडा दिला की मी स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली स्वतः बघतो, मागे कितीही घाई चालली असली तरी. नवीन मुलांनाही हेच शिकवतो. ही सवय मला कॉलेजात नाही लागली, चौथी ब मध्ये लागली. माझी मुलगी आता चौथीत आहे, तिच्या वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, संत्र्याचं चित्र त्याच्यावर येतं. वास येत नाही, तराजू नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी बाई आमच्या लॅबमध्ये शुगर तपासायला आल्या. मीच रक्त घेतलं, हात थरथरत होता, माझा. रिपोर्ट तयार झाल्यावर त्यांनी विचारलं, किती आली रे? आकडा जास्त होता, इथे लिहीत नाही. क्षणभर वाटलं, डॉक्टरच सांगतील म्हणावं. मग जेवढी होती तेवढी सांगितली. त्यांनी मान हलवली, चष्मा लावून कागदावर स्वतः वाचून बघितली आणि घडी करून पर्समध्ये ठेवली. मग मी नऊ फोडींची गोष्ट सांगितली. त्यांना आठवली नाही. इतक्या वर्षांत इतकी मुलं, कशी आठवणार?

म्हणून आपल्या बॅचच्या सगळ्यांना विनंती, तो तक्ता वर्ष संपल्यावर कोणीतरी घरी नेला होता, गुंडाळी करून. कुठे माळ्यावर, ट्रंकेत सापडला तर कार्यक्रमाला नक्की घेऊन या. बाई येणार आहेत. मला त्यांना तो दाखवायचा आहे.