कुठला ब्लेड रनर?

‘ब्लेड रनर’ आवडतो असं कोणी म्हटलं की समोरून प्रश्न येतोच, कुठला? नवीन माणूस गडबडतो, कारण त्याच्या मते पिक्चर एकच आहे, हॅरिसन फोर्ड आहे, पाऊस आहे, निऑनच्या पाट्या आहेत, माणसासारखे दिसणारे रेप्लिकंट, म्हणजे बनवलेली कृत्रिम माणसं, आहेत, त्यात कुठला म्हणजे काय. तर रिडली स्कॉटचा हा पिक्चर मोजायला बसलं तर सात प्रकारचा निघतो. त्यातला एक टीव्हीसाठी चाळणी मारलेला, एक फक्त एकदा प्रिव्ह्यूला दाखवलेला, ते सोडून द्या, पण उरलेल्यांवरून लोक गेली कित्येक वर्षं भांडतायत आणि सगळ्या व्हर्जन्सची लांबी साधारण दोन तासांच्या आसपासच आहे! म्हणजे अर्धा-एक तास जास्तीचा माल मिळाला म्हणून भांडण असं नाहीये. काही वाक्यं, काही सेकंदांचा एक घोडा, आणि शेवट. एवढ्यावर सगळं.

सुरुवात झाली १९८२च्या मार्चमध्ये. डेन्व्हर आणि डॅलसला अर्धवट तयार पिक्चर, ज्याला वर्कप्रिंट म्हणतात, तो लोकांना दाखवला. हॅरिसन फोर्ड म्हटल्यावर लोक ‘स्टार वॉर्स’ आणि इंडियाना जोन्सच्या मूडमध्ये येऊन बसले असणार, आणि समोर काय तर सतत रात्र, सतत पाऊस, हिरो मार खातोय, कोण चांगलं कोण वाईट कळत नाही. प्रतिक्रिया वाईट आल्या, पैसे लावणारे घाबरले, आणि मग दोन गोष्टी चिकटवल्या गेल्या. एक म्हणजे डेकार्डच्या, म्हणजे पळालेल्या रेप्लिकंटना शोधून मारणाऱ्या फोर्डच्या डिटेक्टिव्हच्या, आवाजात व्हॉइसओव्हर, आणि दुसरं म्हणजे गोड शेवट, ज्यात डेकार्ड आणि त्याची रेप्लिकंट प्रेयसी रेचल गाडीतून छान हिरव्या डोंगरांमधून चाललेत आणि डेकार्ड आपल्याला सांगतो की रेचल स्पेशल आहे, तिला इतर रेप्लिकंटसारखी जगायची चार वर्षांची मुदत नाही. हे डोंगरसुद्धा घरचे नाहीत, स्टॅनली कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी हेलिकॉप्टरमधून जे शूट केलं होतं त्यातलं उरलेलं फुटेज मागून आणलं. म्हणजे एका भयपटाच्या उरलेल्या तुकड्यातून दुसऱ्याचा सुखांत.

या शेवटाला कोणी मनापासून डिफेंड करताना मी फारसं पाहिलेलं नाही. कारण प्रश्नच इतका सोपा आहे, शहरातून गाडी काढली की असं ऊन आणि अशी झाडं मिळत असतील तर ते सगळे लोक त्या धुरात आणि रिपरिपीत का राहतायत, आणि परग्रहावर राहायला चला अशी जाहिरात त्या उडत्या जहाजावरून रात्रंदिवस कशाला करावी लागते?

व्हॉइसओव्हरचं मात्र तसं नाही. तिथे सरळ दोन पार्ट्या आहेत आणि वयाचा अंदाज बांधायला हा प्रश्न चांगला आहे. ज्यांनी हा पिक्चर पहिल्यांदा ऐंशीच्या दशकात पाहिला, थिएटरात किंवा व्हिडिओ कॅसेटवर, त्यांना तो कंटाळलेला, रडका, थोडा चिडका आवाज म्हणजेच डेकार्ड वाटतो. ते म्हणतात, अरे ही जुनी डिटेक्टिव्ह पिक्चरची स्टाइल आहे, रेनकोट, दारू, सिगारेटचा धूर, खिडकीच्या पट्ट्यांमधून येणारा उजेड, मग डिटेक्टिव्ह मनातल्या मनात बोलणारच की. आणि त्यात काही गंमतीही आहेत, सुरुवातीलाच तो सांगतो की माझी एक्स-वाइफ मला सुशी म्हणायची, थंडगार मासा. ज्यांनी १९९२ नंतर पाहिला त्यांना हाच आवाज म्हणजे शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक सीन समजावून सांगणारा माणूस वाटतो. फोर्डला स्वतःला हे बोलायची इच्छा नव्हती हे त्याने नंतर बऱ्याचदा सांगितलंय, आणि मुद्दाम वाईट बोललास का यावर नाही म्हणाला, पण ऐकताना उत्साह ओसंडून वाहतोय असं काही वाटत नाही.

माझं मत अर्धं अर्धं आहे. सुरुवातीचे व्हॉइसओव्हर मी चालवून घेईन. त्याच्यासोबतचा पोलीस गॅफ जी खिचडी भाषा बोलतो ती कसली हे तो सांगतो, पोलिसातला साहेब ब्रायंट कसला माणूस आहे ते सांगतो, ठीक आहे, पहिल्यांदा बघणाऱ्याला आधार होतो. पण छतावरचा सीन. पळालेल्या रेप्लिकंटचा म्होरक्या रॉय बॅटी, त्याला माहितीये की आपली वेळ संपली, ज्या माणसाने आपल्या लोकांना मारलं त्यालाच त्याने खाली पडताना हाताला धरून वर ओढलंय, पाऊस पडतोय, तो बसतो आणि ते पावसातल्या अश्रूंचं बोलतो आणि मान खाली जाते. इथे रॉय झालेल्या रुटगर हाउअरने स्क्रिप्टमधलं लांबलचक भाषण स्वतःच छाटलं आणि अश्रूंची ती ओळ स्वतः घातली, त्यामुळेच ते इतकं कमी शब्दात बसलंय. आणि यानंतर फोर्डचा आवाज येतो की याने मला का वाचवलं माहीत नाही, कदाचित शेवटच्या क्षणी त्याला आयुष्य जास्तच प्रिय झालं असेल वगैरे. अहो आम्ही बघत होतो ना! हाउअरने शब्द छाटून जे कमावलं ते इथे परत शब्द ओतून घालवलं. व्हॉइसओव्हरच्या बाजूने असणारे पण इथे जरा गप्प होतात असा अनुभव आहे.

बाकी १९८२ला पिक्चर चालला नाहीच. जूनच्या २५ तारखेला लागला, दोन आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई. टी.’ लागलेला, लोकांना तो गोड परग्रहवासी हवा होता. ज्याच्या कादंबरीवरून हे सगळं आलं तो फिलिप के. डिक मार्चमध्येच वारला होता, त्यामुळे त्याने पूर्ण पिक्चर पाहिलाच नाही. मग हळूहळू व्हिडिओवर लोक जमत गेले, आणि १९९०ला लॉस एंजेलिसच्या एका थिएटरात ७० एमएमची जुनी प्रिंट म्हणून जी लावली ती निघाली वर्कप्रिंट. म्हणजे आठ वर्षं ज्यांनी व्हॉइसओव्हर ऐकला होता ते अंधारात बसलेत आणि आवाज येतच नाहीये, जवळजवळ नाहीच. आणि डोंगर पण नाहीत. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसला आणि सॅन फ्रान्सिस्कोला खेळ लावले तर गर्दी झाली, तेव्हा स्टुडिओला कळलं की इथे गिऱ्हाईक आहे. १९९२ला ‘डायरेक्टर्स कट’ आला, नाव तसं असलं तरी तो घाईत झाला आणि स्कॉट त्यावर पूर्ण खूश नव्हता. मग २००७ला ‘फायनल कट’, ज्यात शेवटचा शब्द खरंच त्याचा होता.

आता खरी मजा कुठे आहे तर दुरुस्त्यांमध्ये. मूळ पिक्चरमध्ये ब्रायंट सांगतो की सहा रेप्लिकंट पळून आले, त्यातला एक विजेच्या कुंपणात जळाला. उरले पाच. आणि आपल्याला दिसतात चार, रॉय, लिऑन, झोरा आणि प्रिस. मग पाचवा कुठे गेला? स्क्रिप्टमध्ये मेरी नावाची एक रेप्लिकंट होती, ती गाळली गेली आणि हिशोब तसाच राहिला, इतकं साधं कारण. पण बघणाऱ्यांना कारण कुठे माहीत होतं, त्यांनी कोडं सोडवलं, तो हरवलेला रेप्लिकंट म्हणजे डेकार्डच! पकडला, आठवणी पुसल्या, नव्या घातल्या, आणि आपल्याच लोकांच्या मागे सोडला. काय सुंदर थिअरी आहे, मी तर म्हणतो पिक्चरमधल्या अर्ध्या प्लॉटपेक्षा चांगली आहे. लोकांनी वर्षानुवर्षं यावर मोठमोठे युक्तिवाद केले, आणि फायनल कटमध्ये ब्रायंट म्हणतो एक नाही, दोन जळाले. संपलं. सहातून दोन गेले चार. गणित बरोबर आलं आणि थिअरीचा आधार गेला. यात गंमत अशी की स्कॉटला स्वतःला डेकार्ड रेप्लिकंटच हवाय, तरी त्याच्याच बाजूने असलेला लोकांचा हा पुरावा त्याच्याच व्हर्जनने खोडून काढला.

तसंच झोराचं. ती काचा फोडत पळते तेव्हा जुन्या व्हर्जनमध्ये स्टंट करणारी बाई वेगळी आहे हे सरळ दिसतं, केसांचा विगसुद्धा दिसतो. फायनल कटसाठी झोरा झालेल्या जोआना कॅसिडीला परत बोलावून तिचा चेहरा डिजिटली बसवला. उडत्या गाडीच्या तारा पुसल्या. सापाच्या खवल्याचा तपास करताना फोर्डचे ओठ आणि शब्द जुळत नव्हते, तिथे त्याच्या मुलाच्या तोंडाचं शूटिंग करून ते बसवलं. शेवटी रॉयच्या हातातून कबुतर सुटतं ते आधी एकदम निळ्या आकाशात उडत जायचं, आत्ता पाऊस पडत होता आणि हे निळं आकाश कुठून आलं असं व्हायचं, आता ते काळ्या ढगाळ रात्रीतच जातं. सगळं बरोबर झालं आहे, कोणी नाही म्हणणार नाही. तरी मला ते निळ्या आकाशातलं कबुतर आठवतंच, आणि चूक म्हणून नाही आठवत. मला कायम वाटायचं की अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढीच एक उघडी जागा आहे आणि ती रॉयला मिळाली. हा अर्थ कोणी घातलेला नव्हता हे मला कळतं, पण एकदा लागल्यावर तो काढणार कसा?

आणि इथेच हा पिक्चर बघणाऱ्यांवर उलटतो असं मला वाटतं. रेचलकडे लहानपणीच्या आठवणी आहेत, खिडकीबाहेरच्या कोळ्याची, तिच्या पिल्लांची, आणि डेकार्ड तिला सांगतो की त्या तुझ्या नाहीत, रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलच्या भाचीच्या आहेत. आता तीन-चार व्हर्जन्स पाहिलेल्या माणसाला विचारा की तुझ्या डोक्यातला ‘ब्लेड रनर’ कुठला, तो जो सांगेल तसा पिक्चर कुठल्याच डिस्कवर नसतो. व्हॉइसओव्हर पहिल्यातला, घोडा दुसऱ्यातला, टायरेलचे डोळे फोडतानाचं जास्तीचं रक्त अमेरिकेबाहेर दाखवलेल्या व्हर्जनमधलं, सगळं एकत्र. आणि तो शपथेवर सांगतो मी असंच पाहिलंय.

घोड्याचं राहिलं. डायरेक्टर्स कटमध्ये डेकार्ड पियानोपाशी बसलेला असताना त्याला जंगलातून धावणारा एकशिंगी घोडा दिसतो, बस, थोडे सेकंद. हा शॉट म्हणे स्कॉटच्या नंतरच्या ‘लेजंड’मधून उचलला, असं अजूनही लोक छातीठोकपणे सांगतात, पण ते खोटं आहे, तो ‘ब्लेड रनर’साठीच काढलेला होता. शेवटी गॅफने दारात चांदीच्या कागदाचा एकशिंगी घोडा करून ठेवलेला असतो. घोड्याचं स्वप्न नसेल तर त्याचा अर्थ फक्त इतकाच की मी इथे येऊन गेलो आणि रेचलला सोडून दिलं. स्वप्न असेल तर अर्थ असा की तुझ्या डोक्यात काय आहे ते मला माहितीये, कारण ते घातलेलं आहे. स्कॉटने २००० साली एका डॉक्युमेंटरीत सांगूनच टाकलं की हो, डेकार्ड रेप्लिकंट आहे. फोर्ड बरीच वर्षं म्हणत होता की प्रेक्षकाला धरून ठेवायला एक तरी माणूस पाहिजे.

मी फोर्डच्या बाजूचा. पुरावे मोजून नाही, पुरावे तर दोन्हीकडे आहेत, पियानोवरचे ते जुने फोटो आहेत, एका सीनमध्ये रेप्लिकंटसारखे चमकणारे डोळे आहेत, आणि दुसरीकडे लिऑन, प्रिस, रॉय सगळ्यांकडून बदाबद मार खाणारा, एकही मारामारी ताकदीवर न जिंकणारा हा कसला रेप्लिकंट हाही प्रश्न आहे. माझा मुद्दा छतावरचा आहे. रॉय ज्याला वाचवतो तो माणूस असेल तर यंत्राने माणसाला माणुसकी दाखवली, आणि हा पिक्चर त्यासाठीच आहे. तोही रेप्लिकंट असेल तर आपल्यातल्याच एकाने आपल्यातल्या एकाला वाचवलं, चांगलंच आहे, पण मग आपण प्रेक्षक म्हणून बाहेरच राहिलो ना, आपल्याला कोणी लाजवलंच नाही. घोडा असू दे, मला घोडा आवडतो, शंका राहायलाच पाहिजे. फक्त डायरेक्टरने उत्तर देऊन टाकायला नको होतं. २०१७च्या दुसऱ्या भागाने, म्हातारा डेकार्ड समोर उभा करूनसुद्धा, हे उत्तर टाळलं याबद्दल त्यांना माझ्याकडून पूर्ण मार्क.

आणखी एक बारीक भांडण आहे, रॉय टायरेलकडे आयुष्य वाढवून मागतो तिथे जुन्या व्हर्जनमध्ये शिवी देतो आणि फायनल कटमध्ये ‘फादर’ म्हणतो. शिवीवाले अजून चिडलेले आहेत. मला ‘फादर’ चालतो, पोरगं बापासमोर उभं आहे हे तसंही दिसतंय, पण शिवीत जो खुनाचा वास होता तो गेला हे त्यांचं म्हणणं खोटं नाही.

तर कोणी विचारलं की आधी कुठला पाहू, तर मी फायनल कट सांगतो, चित्र सगळ्यात स्वच्छ आहे, आवाज चांगला आहे, आणि घोड्याबद्दल आधी एक शब्द बोलू नका. मग महिनाभराने १९८२चा दाखवा. उलट क्रमाने नको, कारण व्हॉइसओव्हर एकदा कानात बसला की नंतरच्या शांत सीनमध्येही तो ऐकू येत राहतो, माझं तसंच झालंय. आणि दोन्ही बघून तो माणूस म्हणाला की मला तो बडबड्याच जास्त आवडला, तर त्याला वेड्यात काढू नका, वर्कप्रिंट दाखवा आणि परत विचारा.