गिटारच्या लाकडावरची थाप

काल रात्री ओटा आवरताना मोबाइलवर एक जुनी चित्रफीत आपोआप सुरू झाली आणि हातातले फडके हातातच राहिले.

चित्रफीत 2004 सालची, बीबीसीवरच्या जूल्स हॉलंड यांच्या संगीताच्या कार्यक्रमातली. रॅपर नाझ येऊ न शकल्यामुळे ऐनवेळी बोलावलेली स्कॉटलंडची गायिका के. टी. टन्स्टल गिटार घेऊन एकटीच उभी होती. तिने गिटारच्या लाकडावर थाप मारून ठेका धरला, वाजलेले टिपून पुन्हा पुन्हा ऐकवणारे पायाखालचे पेडल दाबले आणि तो ठेका आपसूक फिरू लागला. मग त्यावर खंजिरी, त्यावर स्वतःचाच ‘वू-हू’, आणि या साऱ्यावर गाणे. आधी ध्वनिमुद्रित केलेले काहीच नाही, सगळे आपल्यासमोर घडलेले. (मला आधी वाटले, साथीदार पडद्याआड असतील!)

शेजारी येऊन उभी राहिलेली लेक म्हणाली, “आई, तिची थाप चुकली असती, तर ती चूकही फिरत राहिली असती ना?”

मग मी चित्रफीत पुन्हा लावली आणि या वेळी फक्त तिच्या पायाकडे पाहत राहिले, कारण तो क्षणभर जरी उशिरा पडला असता, तरी पुढचे सगळे गाणे लंगडले असते. इतक्या वर्षांत हे माझ्या नजरेतून कसे सुटले? तुमच्यापैकी कोणी अशी गायकी प्रत्यक्ष ऐकली आहे का?