ध्वजदिनाचा डबा आणि बारा महिन्यांचा खर्च

कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला मूत्राशय रिकामं करायला दिवसातून चार ते सहा वेळा कॅथेटर लागतो. म्हणजे महिन्याला १२० ते १८० कॅथेटर, सोबत जेली आणि हातमोजे. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कारण त्वचेला दुखणं कळत नाही आणि शय्याव्रण आतल्या आत वाढतो. व्हीलचेअरवरची खास गादी बसून बसून दबली की तिचा उपयोग संपतो, मग नवी घ्यावी लागते. जखमी माजी सैनिकांसाठी पैसे गोळा करायला निघालेल्या मंडळाने, सोसायटीने किंवा कॉलेजने आधी हा हिशोब पुढ्यात घ्यावा. आपल्याकडे देणगी डिसेंबरात आणि ऑगस्टात येते, खर्च मात्र दर महिन्याला होतो.

सरकार काहीच देत नाही हा समज चुकीचा आहे. आवाहनात तसं लिहिलं तर पहिला माजी सैनिकच तुम्हाला खोडून काढेल. सेवेमुळे अपंगत्व आलं तर निवृत्तिवेतनात सेवा घटकावर अपंगत्व घटक मिळतो. साधारण प्रकरणात १०० टक्के अपंगत्वाला तो शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के असतो. युद्धजखमींचं निवृत्तिवेतन याहून चांगलं असतं. पूर्ण परावलंबी असणाऱ्याला परिचर भत्ता असतो, उपचारांना ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना असते. अपंगत्व निवृत्तीनंतर आलं असेल, ते ५० टक्के किंवा अधिक असेल, तर केंद्रीय सैनिक बोर्डाकडून बदल केलेल्या स्कूटरसाठी एक लाखापर्यंत मदत मिळते. खड्डा उरतो तो वेगळ्याच ठिकाणी: घराचं दार रुंद करणं, संडासात कठडे बसवणं, गावाहून पुण्यापर्यंत गाडी करून येणं, मदतनीसाचा पगार, नवं काम शिकणं. पैसे यासाठी मागा. ज्याला आधीच मंजुरी आहे त्यासाठी मागू नका. ज्याला मंजुरी आहे पण अर्जच केलेला नाही, अशा माणसाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जाणं हे तर देणगीपेक्षाही मोठं काम.

पैसे द्यायचे कुठे? सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जातो. लाल, गडद निळा आणि फिका निळा हे ध्वजचिन्हाचे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि हवाईदल. आजचा ध्वजदिन निधी १९९३ मध्ये अनेक जुने निधी एकत्र करून उभा राहिला. आपल्याकडे त्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयात संकलनाचा शुभारंभ होतो, पण गोळा करणं पुढे वर्षभर चालतं. तेव्हा ८ तारखेला देणगीचा डबा परत करायची घाई नको. या निधीचा पैसा माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या मुलांच्या योजनांनाही जातो. फक्त अपंगत्व आलेल्यांसाठीच द्यायचं असेल तर संस्था निवडावी लागते. ती निवड करायला महाराष्ट्राइतकी सोयीची जागा नाही. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून मणक्याला दुखापत झालेल्या सैनिकांना सांभाळतं. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत निघाली, नंतर खडकीला आली आणि आजही जखमी सैनिकांना व्यवसाय शिकवते. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. ७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्ण मिळवून देणारे सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेलेच जवान.

भावनेच्या लाटेत खात्याचं नाव तपासायचं राहतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर एक संदेश फिरला: अमुक खात्यात पैसे भरा, सैन्याला शस्त्रं घ्यायची आहेत. संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला की संदेश दिशाभूल करणारा आहे. लढाईत बळी पडलेल्या आणि जखमी झालेल्यांसाठी वेगळा कल्याण निधी आहे, त्याचा शस्त्रखरेदीशी संबंध नाही. खाते क्रमांक नेहमी संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. फॉरवर्डवरून घ्यायचा नाही, मग तो पाठवणारा निवृत्त कर्नल का असेना.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो ती गोष्ट. सोसायटीचा खजिनदार स्वतःचा क्यूआर ग्रुपवर टाकतो, ऐंशी हजार जमतात, तो एकरकमी भरतो. पावती त्याच्या एकट्याच्या नावाने निघते. बाकी साठ जणांची आयकरातली देणगीवरची (८०जी) वजावट गेली आणि खजिनदाराच्या खात्यात न समजावता येणारी रक्कम दिसू लागली, ती वेगळीच. प्रत्येकाने थेट संस्थेच्या खात्यात भरावं आणि पॅन व पत्ता संस्थेला कळवावा. संस्था आर्थिक वर्षानंतर ३१ मेपर्यंत देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे देते आणि त्यावरून देणगीचं १०बीई प्रमाणपत्र निघतं. यादीत पॅन नसेल तर साध्या पावतीवर वजावट मिळवणं अवघड जातं. २,००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच नाही, म्हणून आवाहनात "कर वाचवा" असं मोठ्या अक्षरांत छापू नये. नाहीतर वजावट का मिळत नाही म्हणून निम्मे लोक मार्चमध्ये फोन करतात.

स्वतःच्या नावाने वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेश मंडळांना हे माहीत असतं. देशासाठी गोळा करतोय म्हणून सूट आहे असं मात्र अनेकांना वाटतं. सोपा मार्ग म्हणजे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून ध्वज आणि डबे घेणं. डब्यांवर क्रमांक असू द्या, कोणता डबा कुणाकडे याची वही ठेवा, उघडताना दोन माणसं आणि मोजल्यावर दोघांच्या सह्या. नाणी वेगळी बांधा, बँक मोजायला वेळ लावते.

मॅरेथॉन सगळ्यांना आवडते. हिशोब बघा. ५०० धावपटू, प्रवेश ६०० रुपये, जमा तीन लाख. टी-शर्ट २२०, पदक ९०, वेळमापनाची चिप १००, पाणी आणि केळी ५०, असे माणशी ४६० धरले तर गेले २ लाख ३० हजार. रुग्णवाहिका, मंडप, ध्वनिक्षेपक, परवानग्या यांना ५० हजार. उरले वीस हजार. आता शंभर माणसं महिना २०० रुपये देत असतील तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात, खर्च जवळपास शून्य. संस्थेकडे यूपीआय ऑटोपेची सोय असेल तर उत्तम, नसेल तर आपल्या बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, म्हणजे दर महिन्याला आपोआप पैसे पाठवायची सूचना, द्यायची. तारीख ५ ते ७ ठेवा. २५ तारखेला खात्यात शिल्लक नसते, हप्ता परत जातो आणि माणूस पुन्हा चालू करत नाही. मॅरेथॉन करायचीच असेल तर टी-शर्ट आणि पदकाला आधी प्रायोजक बघा. मोठ्या कंपनीकडे जायचं तर कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत माजी सैनिक आणि युद्धविधवांसाठीचं काम सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, धरलेलं आहे. मात्र ज्या संस्थेमार्फत पैसे जाणार तिची सीएसआर-१ नोंदणी हवी.

परदेशातल्या मराठी मंडळांसाठी एक फरक महत्त्वाचा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत. ओसीआय कार्डधारकाचा मात्र धरतात, कारण तो परदेशी नागरिक. अशा देणगीसाठी संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. मंडळाने सगळ्यांचे डॉलर एकत्र करून पाठवले तर कुणाचे कोणते हेच कळत नाही, आणि संस्था अडकते.

वस्तू द्यायचा मोह आवरा. दवाखान्यात दिसते ती घडीची स्टीलची व्हीलचेअर १८ ते २० किलोची असते आणि सगळ्यांना एकाच मापाची. रोज स्वतः ढकलत फिरणाऱ्याला १०-१२ किलोची, त्याच्या मापाची हवी: कंबरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर. बसायची जागा जास्त रुंद झाली तर माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकतो आणि चाकापर्यंत हात पोचवताना खांदे जातात. कृत्रिम पायाचंही तसंच. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्षभर उरलेला अवयव बारीक होत जातो, त्यामुळे तो ज्यात बसतो तो सॉकेट ढिला होऊन घासतो आणि बदलावा लागतो. आतलं लायनर, म्हणजे मऊ अस्तर, तर वापराने वारंवार झिजतं. एक झगमगीत पाय देऊन फोटो काढण्यापेक्षा सॉकेट आणि लायनर बदलण्याचा खर्च उचलणं जास्त कामाचं. संस्थेला आधी विचारा. बहुतेक वेळा यादी तयार असते आणि ती अगदीच रुक्ष असते: गाद्या, टायर, बॅटऱ्या.

शेवटी धनादेश देण्याचा कार्यक्रम होतोच. व्हीलचेअरवरच्या पाहुण्याला चार जणांनी उचलून मंचावर नेण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. त्यात पडायची भीती असते आणि संकोच तर असतोच. रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच मंचाला ७.२ मीटर लांब रॅम्प. मंडपवाल्याला हे आकडे लेखी द्या, नाहीतर तो दोन फळ्या टाकून मोकळा होतो. एवढी जागा नसेल तर मंच रिकामा ठेवा आणि सत्कार खाली करा. बाकीच्या पाहुण्यांना पायऱ्या उतरता येतात.