रोजी कोण देणार?

आज संध्याकाळी नाशिकच्या शरणपूरला चर्चच्या मंडळीतल्या आम्हा काही जणांची बैठक झाली. विषय: शाळा सुटलेल्या पोरांसाठी कामाचं प्रशिक्षण. पास्टरसाहेबांना कॉम्प्युटर हवा, मला वायरिंग आणि वेल्डिंग. सातपूर-अंबडचे कारखाने दारात असताना नुसतं टायपिंग शिकवून काय करायचं?

बोलता बोलता जुना विषय निघाला. हे शरणपूर वसवलं सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्रज मिशनच्या रेव्हरंड प्राइस यांनी, १८५० च्या दशकात. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातली काही १८६६ मध्ये प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. आमच्या युथ ग्रुपला हे माहीतच नव्हतं!

खरा प्रश्न मात्र वस्तीतल्या एका मावशींनी विचारला. "पोरगा सकाळी नाक्यावर उभा राहतो. तुमच्या वर्गात बसला तर त्या दिवसाची रोजी कोण देणार?" सगळे गप्प. म्हणून वर्ग आता संध्याकाळी, वस्तीतच.

प्रवेशाला धर्म विचारायचा नाही, प्रार्थनेला बसायची सक्ती नाही, यावर मी अडून बसलो. थोडी कुरकुर झाली (होणारच होती), पण मान्य झालं.

जुनं वेल्डिंग मशीन, मल्टिमीटर, हातमोजे पडून असतील तर मेसेज करा. शिकवायला एखादे निवृत्त फिटरकाका मिळाले तर फारच उत्तम.